जात्याला टाकी आणि दाताला सिरॅमिक : काठिण्याच्या शोधाची अडीचशे वर्षं

तुमच्या आजीच्या घरी कोपऱ्यात जातं पडलेलं असेल, तर एकदा त्याचा वरचा दगड उचलून आतली बाजू हाताने चाचपून बघा. आपल्या वर्धा जिल्ह्यातली जाती बहुतेक काळ्या दगडाची, म्हणजे पायाखालच्याच बेसाल्टची. वर्षानुवर्षं दळण दळून ही बाजू गुळगुळीत झाली की ज्वारी नुसती घसरायची आणि पीठ भरड पडायचं. मग गावात पाथरवट आला की त्याच्याकडून जात्याला टाकी लावून घ्यायची. त्याने दगडावर बारीक खड्डे पाडले की तेच जातं पुन्हा मऊ पीठ काढायला लागायचं.

आता सांगा, टाकी लावल्याने दगड जास्त कठीण झाला का? दगड तोच आणि त्याचं काठिण्यही तेच. बदलला तो फक्त पृष्ठभाग.

हा प्रश्न आधीच विचारून ठेवला, कारण दातांच्या सिरॅमिकवर संशोधन करायला येणाऱ्या बऱ्याच जणांचा पहिला विषय ठरलेला असतो : ‘अमुक आणि तमुक सिरॅमिकच्या काठिण्याची तुलना’. विषय सोपा वाटतो. यंत्र असतं, आकडे मिळतात, तक्ता तयार होतो. माझाही सुरुवातीला हाच होता. पण त्यामागे एक गृहीतक दडलेलं असतं. जे जास्त कठीण, ते स्वतः जास्त टिकतं आणि समोरच्या दाताला जास्त झिजवतं, असं आपण धरून चालतो. दंतवैद्यकानेही ते बराच काळ धरलं होतं. काठिण्य कशाकशाने बदलतं हे कळत गेलं, तसतसं हे गृहीतक ढिलं पडत गेलं. तोच इतिहास आज बघू.

पॅरिसजवळचा एक औषधविक्रेता

१७७४ साली अलेक्सी द्युशातो नावाचा फ्रेंच औषधविक्रेता स्वतःच्या कवळीला वैतागला होता. त्या काळी कवळ्या हस्तिदंताच्या किंवा पाणघोड्याच्या दातापासून कोरलेल्या असत. त्या तोंडात डाग धरायच्या आणि त्यांना वास यायचा. द्युशातोच्या दुकानात मात्र चिनी मातीची भांडी होती. त्यांत रोज औषधं कालवली जायची, तरी ती ना डागाळायची, ना कुबट व्हायची. मग दातच या मातीचे का नकोत, असं त्याच्या मनात आलं.

वेळही बरोबर होती. चांगल्या पोर्सिलेनला लागणारी पांढरी माती, म्हणजे केओलिन, फ्रान्समध्ये लिमोजजवळ १७६८ सालीच सापडली होती. द्युशातोने पोर्सिलेनच्या कारखान्यात कवळी करून घेतली, पण ती भाजून निघाली आणि बसेचना. कच्चं मडकं आव्यातून निघताना लहान होतं हे आपल्याकडच्या कुंभाराच्या पोरालाही ठाऊक असतं. दाताचं पोर्सिलेन तर भाजताना आकारमानाने साधारण ३० ते ४० टक्के आटतं. निकोला द्युब्वा द शेमाँ या दंतवैद्याने मिश्रण आणि भाजणी सुधारली आणि १७८९ साली राजाकडून त्याचे हक्क मिळवले. पुढे १८०८ साली इटालियन दंतवैद्य फोंझी याने प्लॅटिनमची टाचणी बसवलेले सुटे पोर्सिलेनचे दात आणले.

इथे एक गोष्ट नीट बघा. पोर्सिलेन दातात आलं ते कठीण होतं म्हणून नव्हे. ते डाग धरत नव्हतं, वास धरत नव्हतं, म्हणून आलं. काठिण्य त्याच्या पाठोपाठ आलं, न बोलावलेल्या पाहुण्यासारखं.

मडक्यातून दातात येताना माती बदलली

कपबशीचं पोर्सिलेन पांढरं असतं, पण त्यातून उजेड फारसा पार जात नाही. दात तसा दिसत नाही. म्हणून एकोणिसाव्या शतकात, विशेषतः १८३८च्या सुमारास एलायस वाइल्डमन याच्या कामानंतर, मिश्रणातलं केओलिन कमी होत गेलं आणि फेल्डस्पार वाढत गेलं. आज ज्याला आपण दाताचं पारंपरिक पोर्सिलेन म्हणतो, त्यात फेल्डस्पार तीन चतुर्थांशाहून जास्त असतं, उरलेलं बरंचसं क्वार्ट्झ, आणि केओलिन जेमतेम चवीपुरतं.

फेल्डस्पार वितळलं की त्याची काच होते. म्हणजे दाताचं पोर्सिलेन ही मुळात काच आणि तिच्यात विखुरलेले थोडे स्फटिक. काठिण्यावर परिणाम करणारी पहिली गोष्ट हीच : काच किती, स्फटिक किती आणि स्फटिक कसले. स्फटिकात अणू शिस्तीत बसलेले आणि बंध घट्ट, म्हणून ते दाबाला जास्त दाद देत नाहीत. काचेची रचना विस्कळीत आणि मोकळी असते, त्यामुळे ती तुलनेने लवकर दबते.

दुसरी गोष्ट छिद्रं. उन्हाळ्यात आपला माठ पाणी थंड ठेवतो, कारण त्याच्या अंगातून पाणी झिरपतं आणि त्याची वाफ होते. माठाला छिद्रं हवीतच, पण दाताला ती अजिबात नकोत. पोर्सिलेनची पूड ओली करून थापतात आणि भाजतात. कणांमधली हवा आत अडकली तर बुडबुडे राहतात. त्यांनी रंग धुरकट होतो, ताकद घटते आणि सुईचं टोक नेमकं अशा जागी टेकलं तर काठिण्याचा आकडाही खाली येतो. १९५०-६०च्या काळात निर्वात भट्ट्या रुळल्या आणि ही सच्छिद्रता पुष्कळच कमी झाली. मिश्रण तेच ठेवून फक्त भट्टीतली हवा काढली, तरी पदार्थाचे गुण बदलले. तुमच्या प्रबंधात ‘भाजणीचं तापमान, वेग, निर्वात पातळी, थंड करण्याची पद्धत’ हे सगळं लिहायला गाईड का सांगतात, ते यावरून लक्षात येईल.

काठिण्य मोजायचं कसं?

१८१२ साली फ्रीडरिश मोहस् याने खनिजांची क्रमवारी लावली. कोण कोणावर ओरखडा काढतं एवढंच त्याने बघितलं. टाल्क १, क्वार्ट्झ ७, हिरा १०. ही रांग उपयोगी आहे, पण ती फक्त रांग आहे. ९ आणि १० यांच्यात किती अंतर, हे ती सांगत नाही.

पुढे १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या व्हिकर्स कंपनीत स्मिथ आणि सँडलंड या दोघांनी हिऱ्याचा पिरॅमिड वापरायला सुरुवात केली. त्याच्या समोरासमोरच्या बाजूंमधला कोन १३६ अंश. ठरावीक भार देऊन तो पदार्थात दाबायचा, उमटलेल्या चौकोनी ठशाचे कर्ण सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे आणि काठिण्य काढायचं : १.८५४ गुणिले भार, भागिले कर्णाचा वर्ग. १९३९ साली अमेरिकेत नूप आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लांबट ठसा उमटवणारं टोक आणलं. ते फार खोल जात नाही, म्हणून ठिसूळ पदार्थांना आणि पातळ थरांना सोयीचं पडतं.

सूत्रातला कर्णाचा वर्ग विसरू नका. समजा झिरकोनियावर १ किलोग्रॅम भार दिला आणि कर्ण ०.०३९ मिमी आला. काठिण्य येतं सुमारे १२२०. तुमची नजर एका मायक्रॉनने चुकली आणि तुम्ही ०.०४० लिहिलं, तर ते उतरतं ११६० वर. आता भार १०० ग्रॅमच ठेवा. ठसा बारीक उमटतो, आणि तीच एका मायक्रॉनची चूक आकडा सुमारे १७५ ने खाली आणते. म्हणजे दोन सिरॅमिकमधला तुम्ही दाखवलेला ‘लक्षणीय फरक’ कधीकधी तुमच्या डोळ्यातला असू शकतो.

शिवाय भार कमी केला की बऱ्याच सिरॅमिकचं काठिण्य खरोखरच जास्त दिसतं. याला ठशाच्या आकाराचा परिणाम म्हणतात. मला हे पुस्तकात वाचून समजलं नव्हतं. माझ्या एका तुकडीचे आकडे आधीच्या तुकडीपेक्षा चांगले आले, तेव्हा मी भाजणीचं नवं वेळापत्रक यशस्वी झालं म्हणून खूश झाले. दोन दिवसांनी नोंदवही उघडली तर दोन्ही वेळचा भार वेगळा निघाला. पदार्थात काहीच बदललं नव्हतं. सगळे नमुने पुन्हा घासून, चकचकीत करून, एकाच भारावर मोजावे लागले.

स्फटिक वाढवत नेले

मागे ताकदीचं दुखणं उरलंच होतं. अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा दंतवैद्य चार्ल्स लँड याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दातावर चढवायची पोर्सिलेनची टोपी लोकप्रिय केली. ती दिसायला सुंदर होती, पण तडकायची. पोर्सिलेन एनॅमलपेक्षा कठीण, तरी फुटायचं तेच. कठीण असणं आणि चिवट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या टोप्यांनी पेशंटच्या तोंडात शिकवलं.

यावरचा एक तोडगा १९६२ साली पेटंट झाला : आत धातू, वर पोर्सिलेन. धातू तापल्यावर जास्त प्रसरण पावतो आणि पोर्सिलेन कमी, म्हणून थंड होताना जोड सुटायचा. वाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी पोर्सिलेनमध्ये ल्युसाइट हे जास्त प्रसरण पावणारं स्फटिक पुरेशा प्रमाणात आणून दोघांचं जमवलं. १९६५ साली मॅक्लीन आणि ह्यूज यांनी काचेत वजनाने ४० ते ५० टक्के ॲल्युमिना मिसळून आतला गाभा मजबूत केला. दोन्ही वेळा स्फटिक वाढवले ते जोड टिकावा म्हणून, तडा अडावा म्हणून. काठिण्य वाढवावं हा हेतू कुठेच नव्हता.

भाजणीने काठिण्य कसं बदलतं, याचं सगळ्यात सुंदर उदाहरण आजच्या लॅबमध्ये मिळतं. यंत्राने कोरायच्या लिथियम डायसिलिकेटचा ठोकळा निळा असतो. त्या अवस्थेत त्यात मुख्यतः लिथियम मेटासिलिकेटचे स्फटिक असतात, म्हणून तो तुलनेने मऊ आणि कोरायला सोपा. कोरून झालेली टोपी सुमारे ८५० अंश सेल्सिअसला भाजली की आत डायसिलिकेटचे लांबट स्फटिक वाढतात, एकमेकांत गुंततात, निळा रंग जाऊन दाताचा रंग येतो आणि पदार्थ कठीण व मजबूत होतो. रासायनिक घटक तेच, स्फटिक वेगळे.

झिरकोनिया

१७८९ साली, म्हणजे द शेमाँला राजाने हक्क दिले त्याच वर्षी, बर्लिनमध्ये क्लाप्रोट हा रसायनतज्ज्ञ श्रीलंकेतून आलेल्या झिरकॉन खड्यांचं पृथक्करण करत होता. त्यात त्याला नवा ऑक्साइड सापडला, तोच झिरकोनिया. पोर्सिलेनचा दात आणि झिरकोनिया एकाच वर्षी कागदावर आले, पण त्यांची तोंडात गाठ पडायला दोनशे वर्षं लागली. आपल्याकडेही चवरा, मनवलकुरिची आणि ओडिशातल्या छत्रपूरच्या किनाऱ्यावरच्या वाळूत झिरकॉन आहे.

१९७५ साली गार्वी, हॅनिंक आणि पास्को यांनी ‘नेचर’मध्ये झिरकोनियाबद्दल लेख लिहिला. शीर्षकातच त्यांनी विचारलं होतं की हे सिरॅमिकचं पोलाद म्हणावं का. तडा पुढे सरकायला लागला की त्याच्या टोकाजवळचे स्फटिक रूप बदलतात, आकारमानाने सुमारे ४ टक्के फुगतात आणि तड्याला दाबून धरतात. थोडं इट्रिया मिसळून हे स्फटिक अशा तयारीच्या अवस्थेत रोखून ठेवलेले असतात. इथे कणांचा आकार महत्त्वाचा. भट्टीत तापमान किंवा वेळ जास्त झाला की कण मोठे होतात, आणि ते साधारण एका मायक्रॉनच्या पुढे गेले की तड्याची वाट न बघता आपोआपच रूप बदलायला लागतात.

झिरकोनियाची टोपी कोरतात ती अर्धवट भाजलेल्या, खडूसारख्या ठोकळ्यातून. पूर्ण भाजल्यावर ती प्रत्येक दिशेने २० ते २५ टक्के आटते, म्हणून संगणक ती आधीच मोठी कोरतो. द्युशातोची कवळी ज्या आटण्यामुळे बसली नाही, ते आटणं आजही तसंच आहे. आपण फक्त त्याचा हिशोब आधी करायला शिकलो.

आता जात्याकडे परत

आकडे एकत्र ठेवू. व्हिकर्स मापनात दाताचं एनॅमल साधारण ३००, त्याखालचं डेंटिन ६०-७०. फेल्डस्पारचं पोर्सिलेन आणि लिथियम डायसिलिकेट ५०० ते ६००च्या आसपास. झिरकोनिया १२०० ते १३००. या यादीवरून कुणीही म्हणेल की झिरकोनिया समोरचा दात खाऊन टाकणार. २०००नंतर झिरकोनिया दंतवैद्यकात आलं, तेव्हा भीती हीच होती.

प्रयोगशाळेत आणि पेशंटच्या तोंडात मोजून बघितलं तर वारंवार उलट दिसलं. नीट चकचकीत केलेलं झिरकोनिया समोरचं एनॅमल पारंपरिक पोर्सिलेनपेक्षा कमी झिजवतं. कारण झिजवतो तो पृष्ठभाग. पोर्सिलेन ठिसूळ असतं. चावताना त्याचे बारीक कपचे उडतात, पृष्ठभाग खडबडीत होतो, सुटलेले कण मध्ये सापडून वाळूसारखे घासतात. चावता चावता पोर्सिलेन स्वतःलाच टाकी लावून घेतं. झिरकोनिया चिवट आणि बारीक कणांचं असल्यामुळे गुळगुळीत राहतं. खडबडीतपणा झीज ठरवतो हे मोनास्की आणि टेलर यांनी पोर्सिलेन, एनॅमल आणि सोनं घेऊन १९७१ सालीच दाखवलं होतं. काठिण्याची तुलना करणाऱ्यांनी ते मनावर घ्यायला बराच वेळ लावला.

पण झिरकोनियालाही टाकी लागू शकते. टोपी बसवताना चावा उंच लागला की डॉक्टर हिऱ्याच्या बरने ती जागेवरच घासतात. नंतर पुन्हा नीट पॉलिश केली नाही, तर तोंडात नवं जातं बसवल्यासारखंच होतं.

आपल्या भागात हे जास्त लागू पडतं. सुपारी, तंबाखू आणि चुन्याचा खर्रा वर्षानुवर्षं चघळणाऱ्या माणसाच्या दाढा आधीच सपाट झालेल्या असतात. काही ठिकाणी एनॅमल संपून डेंटिन उघडं पडतं. १९९१ पासून सावंगीला दंत महाविद्यालय आहे, नागपूरचं शासकीय महाविद्यालय त्याआधीचं, १९६८चं. अशा ठिकाणच्या ओपीडीत एक सकाळ बसलात तर असे दात बघायला मिळतील. त्या ६०-७० काठिण्याच्या डेंटिनसमोर तुम्ही काय बसवता आणि ते किती गुळगुळीत सोडता, यावर त्या माणसाची पुढची दहा वर्षं भाकरी चावणं अवलंबून आहे.

आणखी दोन गोष्टी याच दिशेने बोट दाखवतात. १९४०च्या दशकापासून कवळीत पोर्सिलेनच्या दातांची जागा हळूहळू ॲक्रिलिकच्या दातांनी घेतली. त्यांचं काठिण्य २०च्या आसपास, म्हणजे एनॅमलच्या दहावा हिस्साही नाही. तरी ते जिंकले, कारण ते कवळीच्या तळाशी जोडले जातात, खाताना टकटक वाजत नाहीत आणि समोरचा दात झिजवत नाहीत. दुसरी गोष्ट, दातांच्या सिरॅमिकसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ ६८७२, पदार्थांचे वर्ग पाडतं ते वाकवण्याच्या ताकदीवर आणि आम्लात किती विरघळतं यावर. काठिण्यावरून वर्ग पाडलेले नाहीत.

मग काठिण्यावर काम करूच नये का?

करा. कोरायला किती वेळ लागेल, हत्यार किती लवकर बोथट होईल, पॉलिश करायला काय लागेल, भाजणी पूर्ण झाली की नाही, फ्लोराइडच्या आम्लधर्मी जेलने पृष्ठभाग खराब झाला का, हे सगळं काठिण्याच्या आकड्यातून कळू शकतं. फक्त तो आकडा कशाचं उत्तर आहे, हे आधी ठरवा.

सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा पहिल्या पानावर तीन वाक्यं लिहून बघा. माझा पदार्थ कसा तयार झाला : घटक, स्फटिक, कणांचा आकार, छिद्रं, भाजणी. मी काठिण्य कसं मोजणार : टोक, भार, किती सेकंद, किती ठसे, पृष्ठभाग कुठपर्यंत घासला. आणि तिसरं, या आकड्याने तोंडातल्या कोणत्या गोष्टीचा निर्णय बदलणार आहे. पहिली दोन वाक्यं पुस्तकं वाचून जमतात. तिसरं जमत नसेल तर विषय अजून पक्का झालेला नाही. अशा वेळी नमुने भट्टीत टाकायची घाई करू नका. आधी गाईडकडे जा, आणि सोबत झीज आणि खडबडीतपणा मोजायची सोय कुठे होईल, हेही विचारून या.